पडद्यावर सरकणारा पट्टा : पंचवटीतल्या एका टीव्ही ट्यूनर कार्डाचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी नाशिकमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. जुन्या व्हिडिओ कॅसेट कॉम्प्युटरवर घेऊन द्यायची कामं मधूनमधून येतात, आणि अलीकडे ती वाढली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. घरोघरी उरलेले व्हीसीआर एकेक करून मान टाकतायत, तशी लोकांना कपाटातल्या कॅसेट आठवतायत. हे प्रकरण २०२४ च्या पावसाळ्यातलं. माणसांची ओळख लागू नये म्हणून नावं दिलेली नाहीत, घरचे एकदोन तपशीलही बदलले आहेत. तांत्रिक भाग मात्र घडला तसाच आहे, माझ्या चुकांसकट.

घर पंचवटीत, घाटापासून चालत पाच मिनिटांवर. जुना दुमजली वाडा. काका सत्तरीचे, प्रेसमधून निवृत्त. (नाशिककर नुसतं 'प्रेस' म्हणतो तेव्हा तो नाशिकरोडच्या छापखान्याबद्दल बोलत असतो, हे बाहेरच्या वाचकांसाठी.) मुलीचं लग्न डिसेंबर १९९९ मध्ये झालं. त्या वर्षी लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, आणि त्या दिवशी लग्नाचं शूटिंग सगळ्यांना दाखवायचं असं काकांनी मनाशी ठरवलेलं. कॅसेट एकूण पाच: लग्नाच्या दोन, मुलाच्या मुंजीची एक, आजींच्या पंच्याहत्तरीची एक, आणि एकीवर काहीच लिहिलेलं नाही.

कॉम्प्युटर २००५ चा. पेंटियम ४, विंडोज एक्सपी, ८० जीबीची आयडीई (म्हणजे जुन्या पद्धतीच्या रुंद, चपट्या वायरीने जोडायची) हार्ड डिस्क आणि पीसीआय स्लॉटमध्ये, म्हणजे जादा कार्ड बसवायच्या जुन्या खाचेत, एक टीव्ही ट्यूनर कार्ड. मुख्य चिपवर 'फ्युजन ८७८ए' असं छापलेलं. ही चिप त्या काळात इतक्या कंपन्यांच्या कार्डांवर असायची की खोक्यावरचं नाव कुठलंही असो, आत बहुतेक वेळा हीच निघायची. काकांनी ते घेतलं होतं मॅच बघायला. केबलवाल्याची वायर थेट कार्डात खोचायची आणि एका कोपऱ्यात सचिन, दुसऱ्या कोपऱ्यात सोसायटीचे हिशेब.

पहिल्याच भेटीत काका म्हणाले, "अरे, हेच कार्ड, हाच व्हीसीआर. २०१७ साली मुंजीची अर्धी कॅसेट मी स्वतः घेतली होती यावर. काचेसारखी आली होती. आता तेच सगळं जोडतो तर हे असं." त्यांनी ती जुनी फाइलही दाखवली. खरोखरच स्वच्छ होती.

हे वाक्य मी ऐकलं, मान डोलावली आणि पुढे गेलो.

काय बिघडलं होतं

तक्रारी एकावर एक चढलेल्या होत्या. कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये चॅनेल शोधायला लावलं तर शून्य चॅनेल. व्हीसीआर जोडला तर चित्र काळं-पांढरं आणि वरखाली उड्या मारणारं. आवाज नाही. आणि त्या उड्यांमधूनही दिसेल असा एक रुंद, मळकट पट्टा पडद्यावर खालून वर हळूहळू सरकत जायचा, वर गेला की पुन्हा खालून उगवायचा.

माझ्याआधी काकांनी तो कॉम्प्युटरचा डबा एका दुकानात नेला होता. तिथे चॅनेल एकही सापडेना म्हणून 'कार्ड उडालंय' असा निकाल लागला, आणि जाता जाता विंडोज फॉरमॅट मारून नव्याने टाकून दिलं गेलं. नंतर हिशेब लावला तेव्हा कळलं की चारपैकी दोन तक्रारी या फॉरमॅटनेच जन्माला घातल्या होत्या.

मी टेबलाखाली वाकून वायरी बघत असताना काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "आणि या कॉम्प्युटरला हात लावला ना, की मुंग्या येतात बघ. फ्रीजलापण. पूर येऊन गेल्यापासून."

मी म्हणालो, "काकू, चप्पल घालून हात लावत जा."

या प्रकरणात मी केलेली सगळ्यात मोठी चूक ती. तेव्हा आम्ही तिघंही हसलो.

समोर कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, कॅसेट एखाद्या स्टुडिओला देऊन मोकळं व्हायचं. काकांना ते नको होतं. ओळखीच्या एकाची कॅसेट अशीच कुणाकडे तरी गेली आणि परत आलीच नाही. लग्नाच्या कॅसेटची दुसरी प्रत नाही म्हटल्यावर त्यांचं म्हणणं मला पटलं.

दुसरा, यूएसबीला लावायचं छोटं कॅप्चर यंत्र घेऊन नव्या लॅपटॉपवर काम करायचं. हा मार्ग वाईट नाही, पण बाजारात एकाच चेहऱ्याची चार यंत्रं मिळतात आणि आत कुठली चिप निघेल ते नशीब. जुन्या कॅसेटचं चित्र जरा थरथरलं की त्यातली काही यंत्रं सरळ निळा पडदा दाखवतात. ८७८ चिपवर मी बऱ्याच कॅसेट घेतल्या आहेत, तिची मला सवय आहे.

तिसरा, कार्ड काढून लिनक्स असलेल्या दुसऱ्या मशीनमध्ये बसवायचं. ६४ बिट विंडोज १० वर या कार्डांना ड्रायव्हर मिळवताना नाकीनऊ येतात, लिनक्सच्या कर्नेलमध्ये मात्र या चिपचा ड्रायव्हर आजही आहे. अडचण अशी की पीसीआय स्लॉट असलेला दुसरा बोर्ड शोधावा लागला असता. तो शोधायचा तर आहे तो डबाच काय वाईट?

म्हणून चौथा: आहे ती जोडणी दुरुस्त करायची, एक्सपीला नेट अजिबात लावायचं नाही, आणि तयार फाइल हार्ड डिस्कवरून उचलायची. यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि हा निर्णय आजही मला बरोबर वाटतो. मला वाटलं होतं एका दुपारचं काम आहे.

पहिली दुपार

चॅनेल न सापडण्याची गोष्ट दोन मिनिटांत संपली. नाशिक डिजिटल केबलच्या दुसऱ्या टप्प्यात होतं, मुदत होती ३१ मार्च २०१३. त्यानंतर केबलमधून येतो तो डिजिटल सिग्नल, आणि तो फक्त सेट टॉप बॉक्सला कळतो. या कार्डावरचा ट्यूनर, म्हणजे ती चकचकीत पत्र्याची डबी, ॲनालॉग चॅनेल शोधते. ते आता केबलमध्ये नाहीतच, तर सापडणार कुठून? आणि कॅसेट घ्यायला त्या डबीची गरजच पडत नाही. व्हीसीआरच्या पिवळ्या वायरीचं चित्र ट्यूनरला बगल देऊन थेट चिपमध्ये जातं. 'चॅनेल नाही म्हणजे कार्ड मेलं' हे निदान असं पायापासूनच चुकलेलं होतं.

काळं-पांढरं आणि उड्या हेही सोपं निघालं. फॉरमॅटनंतर सॉफ्टवेअर अमेरिकन पद्धतीवर, एनटीएससीवर, जाऊन बसलं होतं. तिथे चित्र ५२५ ओळींचं, आपल्याकडच्या पॅलमध्ये ६२५. सेटिंगमध्ये 'पॅल-बी' निवडलं, चित्र जागेवर बसलं आणि शालूचा लाल रंग आला. काकूंनी आतून हाक मारून विचारलं, "दिसलं का रे?"

आवाजाचं म्हणाल तर या कार्डातून तो एका छोट्या वायरीने बाहेर येऊन साउंड कार्डाच्या निळ्या भोकात, लाइन-इनमध्ये, जातो. वायर होती. पण एक्सपीच्या रेकॉर्डिंगच्या पाटीवर टिक होती माइकवर. ती लाइन-इनवर नेली, सनई सुरू झाली, आणि सनईच्या मागे एक घुंऽऽ असा सलग आवाजही.

पट्टाही जागच्या जागी होता, अक्षरशः नव्हे, कारण तो सरकतच होता.

इथे पहिलं वळण आलं. घरी बसून वायरी तपासायच्या, की डबा दुकानात न्यायचा? मी दुकान निवडलं, कारण तिथे हत्यारं हाताशी असतात. काकांचा व्हीसीआरही बरोबर घेतला.

पट्ट्यामागे धावताना

दुकानात जोडलं आणि पट्टा गायब. घुंऽऽ पण गायब. दोन तास कॅसेट चालवली, एकदाही काही नाही. मी निष्कर्ष काढला की कार्ड स्लॉटमध्ये सैल बसलं असणार आणि नेताना नीट बसलं. सोनेरी टोकं खोडरबराने पुसली, कार्ड घट्ट बसवलं, दुसऱ्या दिवशी पंचवटीत परत नेलं. पट्टा तिथे वाट बघत बसल्यासारखा हजर.

या निष्कर्षात काय चुकलं ते थोडं सविस्तर सांगतो. एखादी गोष्ट दुकानात चालते आणि घरी चालत नाही, याचा सरळ अर्थ असा की डबा ठीक आहे आणि घर व दुकान यांच्यात काहीतरी फरक आहे. मी मात्र डब्यातच दोष शोधत राहिलो, कारण डबा दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे. घर दुरुस्त करणं माझ्या कामाच्या यादीत नव्हतं.

मग एक जुनं कार्ड ४०० रुपयांना मिळवलं, तसलंच ८७८ वालं. पट्टा तोच. मग वाटलं एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, घाण वीज देत असेल, तो बदलून पाहिला. पट्टा तोच. तीन फेऱ्या झाल्या, श्रावण सुरू झाला, आणि काका आता माझ्याकडे, लहान मुलाचं अक्षर सुधारत नाही तेव्हा शिक्षक बघतात तसे बघायला लागले होते.

चौथ्या फेरीला मी काहीही न बदलता नुसता बसून पट्टा बघत राहिलो. तो एकच होता. पॅलमध्ये दर सेकंदाला चित्राचे ५० अर्धे भाग येतात आणि आपली घरची वीजही ५० हर्ट्झची. विजेची गुणगुण चित्रात मिसळली की प्रत्येक अर्ध्या भागात तिची एक लाट पडते, म्हणजे पडद्यावर एक पट्टा. दोन्ही ५० तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून तो सावकाश सरकतो. एसएमपीएसमधलं काही बिघडलं असतं तर साधारण १०० हर्ट्झची गुणगुण, म्हणजे दोन पट्टे दिसायला हवे होते. नुसतं मोजलं असतं तरी एसएमपीएसचे पैसे वाचले असते.

आता वीज चित्रात शिरते कुठून? वायरी एकेक करून काढायला लागलो. जोडणी अशी होती: कॉम्प्युटरमधून पिवळी-पांढरी वायर व्हीसीआरला, व्हीसीआरमधून एक वायर टीव्हीला (काकांना कॅसेट टीव्हीवरही बघायची असे), टीव्हीतून एक सेट टॉप बॉक्सला, आणि बॉक्सला गल्लीतल्या खांबावरून आलेली केबल. दुकानात यातला व्हीसीआरच्या पुढचा एकही भाग नव्हता. मी डावा हात कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या कॅबिनेटवर टेकून, उजव्या हाताने बॉक्सच्या मागचा केबलचा स्क्रू सोडवला. स्क्रू सुटला, बोटं पितळेवरच होती, आणि दोन्ही हातांतून सण्णकन काहीतरी गेलं.

पडद्याकडे पाहिलं तर पट्टा नाहीसा झालेला.

मला काकूंच्या मुंग्या आठवल्या.

अर्थिंग

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये आत येणाऱ्या विजेवरचा कचरा गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेज आणि पत्रा यांच्यामध्ये, दुसरा न्यूट्रल आणि पत्रा यांच्यामध्ये. त्यातून अगदी थोडी वीज पत्र्यात झिरपते. थ्री-पिनच्या मोठ्या पिनेतून ती जमिनीत निघून जायची असते. ती वाट बंद असली की पत्रा दोघांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट एक मिलिअँपियरच्या आतबाहेर, त्यामुळे मुंग्या येण्यावर भागतं.

काकांच्या घरात त्या झिरपणाऱ्या विजेला बाहेर पडायला एकच रस्ता उरला होता: पिवळ्या वायरीच्या जाळीतून व्हीसीआर, तिथून टीव्ही, बॉक्स आणि गल्लीतली केबल. चित्राचा सगळा सिग्नल मिळून एक व्होल्टचा. त्याच जाळीतून विजेची ये-जा चालली की काही मिलिव्होल्टची भर पडते, आणि तेवढी डोळ्यांना दिसायला पुरते.

मल्टिमीटर काढला. फेज ते न्यूट्रल २३४. फेज ते अर्थचं भोक, जिथे तेवढेच यायला हवेत, तिथे नव्वदच्या आसपास डुलणारा आकडा. कॅबिनेटचा स्क्रू ते मोरीतला लोखंडी नळ: १०८. फ्रीजचं दार ते नळ: तेही शंभराच्या घरात. स्वयंपाकघरातला, बाहेरच्या खोलीतला, माडीवरचा, सगळ्या बोर्डांचं अर्थ मेलेलं.

इथे दुसरं वळण होतं, आणि सांगायला बरं वाटतं की यावेळी मी बरोबर वळलो. केबलची वायर काढली की पट्टा जात होता. माझं काम तिथेच संपत होतं. कॅसेट घेताना ती वायर काढून ठेवा, एवढं सांगून बिल करता आलं असतं. पण अर्थ नसलेल्या घरात उद्या फ्रीजच्या आतली फेजची वायर पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडणार नाही आणि पूर्ण २३० व्होल्ट दाराच्या मुठीवर येऊन बसतील. तेव्हा मुंग्यांवर भागत नाही. मी काकांना सांगितलं की कॅसेटचं काम थांबवू, आधी लायसनवाला वायरमन बोलवा. अर्थिंगचं काम माझं नव्हे, त्यात हातही घालायचा नसतो.

वायरमनने मीटरपासून सुरुवात केली आणि पंधरा मिनिटांत गोष्ट उलगडली. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला मोठा पूर आला, नदीपात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती बुडाली, तेव्हा वाड्याच्या खालच्या भागात पाणी शिरलं होतं. पाणी ओसरल्यावर मीटर आणि मेन स्विच जिन्याच्या वळणावर, उंचावर नेले. फेज आणि न्यूट्रल वाढवून वर नेले गेले. हिरवी वायर आखूड पडली, ती तशीच खाली सोडून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळून ठेवली. परसातल्या जुन्या अर्थच्या खड्ड्यातली पट्टीही गंजून तुटली होती.

म्हणजे २०१७ ची फाइल स्वच्छ का होती, मुंग्या 'पूर येऊन गेल्यापासून' का होत्या, दोन्हींचं उत्तर त्या काळ्या टेपखाली होतं. काकांची समजूत होती की पुराच्या ओलीने कार्ड खराब झालं. कॉम्प्युटर तर तेव्हा माडीवर कोरडाच होता.

खर्चाचा आकडा ऐकून काका जरा गप्प झाले. नवा खड्डा, तांब्याची प्लेट, मीठ-कोळसा, प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी वायर आणि वर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच. "कॅसेटसाठी एवढं?" असं ते म्हणाले खरे. काकू दारातून म्हणाल्या, "फ्रीज दिवसातून पन्नासदा मी उघडते, तुम्ही नाही." वायरमन दोन दिवसांनी कुदळ घेऊन आला.

काम झाल्यावर कॅबिनेट ते नळ मोजलं: एक व्होल्टच्याही आत. सगळ्या वायरी, गल्लीतल्या केबलसकट, पुन्हा जोडल्या. पट्टा नाही, घुंऽऽ नाही.

अक्षता आणि सावधान

आता उरलं होतं प्रत्यक्ष कॅसेट घेणं. चाचणी म्हणून लग्नाच्या कॅसेटची पहिली ४० मिनिटं घेतली आणि दोघांना दाखवायला बसवलं. सुरुवात छान. मंगलाष्टकं सुरू झाली तशी काकूंची मान तिरकी झाली. पडद्यावर लोकांनी अक्षता टाकल्या, टाकून झाल्या, हात खाली आले, आणि मग भटजींचं 'सावधान' ऐकू आलं. काकू म्हणाल्या, "हे असं नव्हतं झालं."

आवाज सहा सेकंद मागे पडला होता. सेकंदाला २५ फ्रेम, तर सहा सेकंद म्हणजे दीडशे फ्रेम. ४० मिनिटांच्या ६०,००० फ्रेममधल्या दीडशे वाटेत गळल्या होत्या. चित्र तेवढं आखूड झालं, आवाज पूर्ण लांबीचा राहिला.

या कार्डात चित्र दाबून लहान करणारी चिप नसते, ते कच्चं चित्र पीसीआयवरून थेट मेमरीत ओततं. ७२० गुणिले ५७६, प्रत्येक ठिपक्याला दोन बाइट, सेकंदाला २५ वेळा: २०.७ एमबी दर सेकंदाला. मी चाचणी कच्च्या स्वरूपातच घेतली होती, म्हणजे हार्ड डिस्कला तेवढं गिळता यायला हवं. २००५ ची आयडीई डिस्क ते आरामात गिळते, जर ती डीएमएवर, म्हणजे प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीशी देवाणघेवाण करणाऱ्या वेगवान मोडवर, चालत असेल. डिव्हाइस मॅनेजरमध्ये आयडीई चॅनेल उघडून पाहिलं, तर 'करंट ट्रान्सफर मोड' समोर पीआयओ, म्हणजे प्रत्येक बाइट प्रोसेसरने स्वतः वाहून न्यायचा जुना मोड. त्या मोडचा जास्तीत जास्त वेगच १६.६ एमबी, आणि त्यासाठीही प्रोसेसर हमालासारखा राबतो. खरं तर फक्त दीडशेच फ्रेम कशा गळल्या याचं मला कोडं पडलं. नंतर लक्षात आलं की डिस्क चाचणीच्या मध्येच पीआयओवर घसरली असणार, आणि त्यानंतर लवकरच मी कॅप्चर थांबवलं होतं.

एक्सपीची ही जुनी खोड. डिस्ककडून सहा वेळा चूक आली की ते वेगाची एकेक पायरी उतरत शेवटी पीआयओवर येऊन बसतं आणि आपण होऊन परत वर चढत नाही. चुका का येत होत्या ते कॅबिनेट उघडल्यावर दिसलं. नवा एसएमपीएस बसवताना मीच डिस्कची चपटी वायर पंख्याच्या कडेला दाबून घडी घातली होती. न लागणारा भाग बदलायला गेलो आणि लागणारा बिघडवून आलो.

८० तारांची नवी वायर लावली, आयडीई चॅनेल डिव्हाइस मॅनेजरमधून काढून टाकला, मशीन दोनदा चालू केलं, डीएमए परत आलं. बोर्डावर सॅटाच्या, म्हणजे आयडीईनंतर आलेल्या नव्या पद्धतीच्या डिस्कसाठी, दोन जागा होत्या, तिथे ५०० जीबीची माझ्याकडची डिस्क फक्त कॅप्चरसाठी लावली. कच्चं चित्र तासाला जवळपास ७५ जीबी खातं, म्हणून हफवायूव्ही कोडेक वापरला. तो चित्रातलं काहीही न टाकता आकार निम्म्याच्या आसपास आणतो. व्हर्च्युअलडब या सॉफ्टवेअरमध्ये कॅप्चर करताना 'ड्रॉप्ड फ्रेम्स' चा आकडा समोरच असतो. पुन्हा ४० मिनिटं घेतली: शून्य. अक्षता आणि सावधान एकत्र पडले.

खरं सांगायचं तर व्हीएचएसला ७२० ची रुंदी लागतच नाही. त्या टेपवर आडव्या दिशेने २४० ओळींच्या आसपासच तपशील मावतो. ३५२ गुणिले ५७६ वर काम भागलं असतं आणि डेटा निम्म्यावर आला असता. उंची मात्र ५७६ च ठेवायची. २८८ केली की चित्राचा एक अर्धा भाग दर वेळी फुकट जातो आणि हालचाल अडखळते. जागा मुबलक होती म्हणून मी ७२० च ठेवलं.

निष्पत्ती

पाचपैकी चार कॅसेट पूर्ण आल्या. प्रत्येक कॅसेट आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवली. मधे दोनदा व्हीसीआरचं हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ चामड्याने पुसलं. कापसाचे बोळे हेडवर वापरू नयेत, त्यांचे तंतू अडकून हेड तुटतं. नाव नसलेल्या कॅसेटवर निघाला टीव्हीवरून टेप केलेला क्रिकेटचा सामना, शेवटची दहा षटकं नाहीत. काकांना त्याचा आनंद लग्नापेक्षा कमी झाला असं म्हणता येणार नाही.

पंच्याहत्तरीच्या कॅसेटच्या खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी पूड दिसली. बुरशी. ती मी लावली नाही. एकदा व्हीसीआरमध्ये गेली की बुरशी हेडवर आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर जाते. काका थोडे खट्टू झाले, पण लग्नाच्या दोन्ही कॅसेट निघाल्यावरही मी नकार कायम ठेवला, कारण ती साफ करायचं यंत्र माझ्याकडे नाही.

तयार फाइल मुलीकडे पेन ड्राइव्हवर गेल्या. पट्ट्यापायी पडलेल्या चार फेऱ्यांपैकी मी दोनचेच पैसे घेतले. दुसरं कार्ड आणि एसएमपीएस माझ्या खात्यावर.

आज हीच केस आली तर

पहिला प्रश्न 'काय होतंय' हा नसेल, 'कधीपासून होतंय' हा असेल. काकांनी २०१७ सांगितलं होतं, काकूंनी पूर सांगितला होता. दोन्ही तारखा एका कागदावर शेजारी लिहिल्या असत्या तर मधे काय बदललं हे विचारणं ओघानेच आलं असतं. दोन माणसं दोन वेगळ्या यंत्रांबद्दल बोलतायत असं मी धरून चाललो: ते कार्डाबद्दल, त्या फ्रीजबद्दल.

काहीही विकत घेण्याआधी वायरी काढून बघेन, आणि त्याही एका हाताने, दुसरा हात खिशात ठेवून. आता पिशवीत मल्टिमीटर सगळ्यात वर असतो आणि कुठल्याही घरात पहिलं माप बोर्डाच्या तिसऱ्या भोकाचं घेतो. जुन्या नाशकातल्या वाड्यांमध्ये ते भोक कितीदा नुसतं शोभेचं निघतं हे बघून आता आश्चर्य वाटेनासं झालंय.

एका बाबतीत मात्र अजून माझं मन द्विधा आहे. दुकानात डबा नेला ते चूक म्हणायचं का? तिथे नेल्यामुळेच तर डबा ठीक असल्याचा पुरावा मिळाला होता. तो पुरावा मी वाचला नाही, ही गोष्ट वेगळी. पुन्हा वेळ आली तर कदाचित तसंच करीन, फक्त नेण्याआधी घरातल्या जोडणीचा फोनवर एक फोटो काढून घेईन, म्हणजे दुकानात नेमक्या कुठल्या वायरी कमी आहेत ते समोर दिसेल.

४०० रुपयांचं ते दुसरं कार्ड दुकानाच्या खणात आहे. चालतं, मी तपासलंय.